लक्षात कोण ठेवतं?

रायपुरात शाळा वर्षातून दोनदा उघडते. सीबीएसईच्या खाजगी शाळांचं सत्र एप्रिलच्या सुरुवातीला लागतं. दोन-तीन आठवडे मुलं सकाळच्या शाळेत जातात, तोवर पारा बेचाळीसच्या वर गेलेला असतो आणि सुट्टी पडते. राज्य मंडळाच्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, एरवी १६ तारखेला. पण शेवटचा शब्द उन्हाचा. २०२४ मध्ये १८ जूनला उघडायच्या शाळा उकाडा हटेना म्हणून २६ जूनला उघडल्या. शेजारच्या विदर्भाला यात नवल वाटणार नाही. बाकीच्या महाराष्ट्रातली मुलं पावसात भिजत वर्गात पोचतात तेव्हा नागपूरकडची मुलं आणखी आठवडाभर कूलरसमोर लोळत असतात.

ज्या घरात थोरली सीबीएसईला आणि धाकटा राज्य मंडळाच्या शाळेत आहे, तिथे ही दोन तोंडांची सुरुवात चांगलीच जाणवते. एप्रिलमध्ये पुस्तकं येतात, कव्हरं चढतात, बूट घेतले जातात. पण घडी बसायच्या आत मामाच्या गावाची तिकिटं निघतात. मग दीड महिना रात्री बारापर्यंत पत्ते आणि सकाळी नऊला दूध. जूनमध्ये शाळा पुन्हा उघडते तेव्हा खरेदी कधीच झालेली असते आणि घर मात्र अजून सुट्टीतच असतं. म्हणून इथल्या आईबापांनी खरं नवं वर्ष जूनचं धरावं आणि तयारी म्हणजे बाजारहाट हा समज एप्रिलमध्येच ठेवून द्यावा. गोलबाजार किंवा मालवीय रोडवर एक संध्याकाळ घातली की वह्या, कंपास, डबा, रेनकोट सगळं हाती येतं. यादी शाळा देते, पैसे आपण देतो. अवघड भाग त्यानंतरचा.

रात्री साडेनऊला, दात घासता घासता, मूल सांगतं, ‘‘आई, उद्या चार्ट पेपर न्यायचाय. निळा.’’ या वाक्यात मुलाचा दोष फारसा नसतो. पुढच्या गोष्टींचा अंदाज घेणं, आखणी करणं, आठवण धरून ठेवणं ही कामं मेंदूचा जो पुढचा भाग करतो, तो पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जावी लागते. सात वर्षांच्या मुलाला ‘‘तुला लक्षात ठेवता येत नाही का?’’ असं विचारलं, तर प्रामाणिक उत्तर ‘‘अजून नाही’’ हेच आहे. आता त्या वाक्यातला पहिला शब्द बघा. ते ‘बाबा’ नसतं. घरातल्या सगळ्या तारखा, सगळे निळे-पिवळे कागद, लशी, फी, बसवाल्याचा बदललेला नंबर, हे सारं एकाच डोक्यात ठेवलेलं असतं आणि ते डोकं कोणाचं हे मुलांना नेमकं माहीत असतं.

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये या न दिसणाऱ्या कामावर एक निबंध प्रसिद्ध केला. ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन त्यांनी या डोक्यातल्या कामाचे चार टप्पे पाडले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. निर्णय नवरा-बायको बऱ्याचदा मिळून घेतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र बहुतेक बाईच्या वाट्याला येतो. ‘‘मला सांगितलं असतंस तर आणलं असतं’’ हे वाक्य त्या अभ्यासात नाही, पण बसतं तिथेच. हातानं करायच्या कामाचं माप भारत सरकारकडे आहे. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात भाग घेणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. आठवण ठेवण्याची मिनिटं यात वेगळी मोजलेली नाहीत. भाजी चिरता चिरता निळ्या कागदाचा विचार चालू असेल, तर मोजणी भाजीचीच होते.

तेव्हा शाळेच्या तयारीत घर लावायचं म्हणजे कपाटं आवरायची असं मी समजत नाही. एका डोक्यात साठलेली आठवण घराच्या भिंतींवर, खुंट्यांवर, फळ्यांवर उतरवायची, जिथे ती सगळ्यांना दिसेल. कपाटं नंतर आवरली तरी चालतात.

यासाठी मराठी घराला नवं काही विकत घ्यावं लागत नाही. लॉस एंजेलिसमधल्या ३२ कुटुंबांच्या घरांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा संशोधकांना तिथल्या घराचा फळा सापडला फ्रिजच्या दारावर: चुंबकांनी डकवलेली वेळापत्रकं, पत्रकं, फोटो. आपल्याकडे ते काम १९७३ पासून ‘कालनिर्णय’ करतं. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, कामवालीची सुट्टी असं सगळं त्या चौकोनांत मावतं. त्यात शाळा घालायची, एवढंच. रायपूरच्या मराठी घरात एक गंमत आणखी असते. इथला हिंदी महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, त्यामुळे मुलाच्या वर्गमित्राच्या घरी सावन सोमवार सुरू होतात ते आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी. आपली दिव्यांची अवस आणि छत्तीसगढची हरेली एकाच तिथीला येतात. तीजा म्हणजे आपली हरतालिका. शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक एका भाषेत आणि भिंतीवरचं कॅलेंडर दुसऱ्या भाषेत बोलत असलं, की जूनमध्येच तासभर बसून एकावरचं दुसऱ्यावर उतरवून घ्यावं. हे काम आईनं करू नये. दहा-बारा वर्षांचं मूल आणि आजोबा मिळून ते झकास करतात, आणि त्या निमित्ताने मुलाला तिथी म्हणजे काय तेही कळतं.

व्हॉट्सॲपच्या गटाचं काय, हा पुढचा प्रश्न. वर्गाच्या गटावर रात्री दहाला सूचना येते: उद्या पिवळे कपडे. घरातलं एकच माणूस तो गट वाचत असेल, तर सूचना पुन्हा त्याच डोक्यात जाऊन बसते. दोन्ही पालकांचे नंबर गटात असावेत आणि आठवड्यातले कोणते दिवस गट कोणी वाचायचा हे ठरलेलं असावं. वाचणाऱ्याने नुसतं ‘‘उद्या पिवळे कपडे आहेत बरं का’’ असं ओरडून सांगायचं नाही, कपडे काढून खुंटीला लावायचे. डॅमिंजरबाईंचा चौथा टप्पा तो हाच.

आता ती खुंटी. मुख्य दाराच्या आतल्या बाजूला, मुलाच्या खांद्याच्या उंचीवर, प्रत्येकाची एक खुंटी आणि तिच्याखाली एक टोपली किंवा खोका पुरेसा होतो. उंचीचं भान ठेवायला हवं. मोठ्यांच्या उंचीवर ठोकलेली खुंटी मोठ्यांचंच काम वाढवते. खुंटीला दप्तर आणि रेनकोट, खाली बूट, टोपलीत मोजे आणि ओळखपत्र. रायपुरातल्या फ्लॅटमध्ये जागेची अडचण सांगितली जाते, आणि ती खरीही असते, कारण ज्या कोपऱ्यात हे सगळं मावलं असतं तिथे मार्चपासून लोखंडी कूलर ठाण मांडून बसलेला असतो. पाऊस धरला की तो हलवावा. पाणी काढून, टाकी घासून, कोरडी करून ठेवली की डासांचाही प्रश्न सुटतो. डेंग्यूचा मोसम आणि शाळेचं पहिलं सत्र नेमके हातात हात घालून येतात. मोकळा झालेला तो कोपरा दप्तरांचा.

खुंटी असली की सवय आपोआप लागते असं नाही. ती कशाला तरी बांधावी लागते. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्वित्झर यांनी मांडलेली कल्पना इथे कामाची आहे: ‘मी रोज दप्तर भरीन’ हा संकल्प कच्चा, ‘जेवणाचं ताट उचललं की दप्तर भरीन’ हा पक्का. आठवण घड्याळाच्या काट्याला टांगण्याऐवजी घडणाऱ्या गोष्टीला टांगली की ती गोष्टच आठवण करून देते. ताट उचललं की दप्तर. दप्तर भरलं की वेळापत्रकावर बोट फिरवून बघायचं. घरी आलं की डबा थेट मोरीत, नाहीतर सोमवारी सकाळी शुक्रवारची भेंडी भेटते. वेळ-काम अभ्यासाच्या तज्ज्ञ लिलियन आणि फ्रँक गिलब्रेथ यांच्या घरी डझनभर मुलं होती. लिहिता येणाऱ्या प्रत्येकाने न्हाणीघरातल्या तक्त्यावर दात घासल्याची, अंघोळ झाल्याची सही करायची अशी तिथे पद्धत होती. एवढं कारखानदारीचं वळण मला सोसणार नाही, पण तक्ता मुलाने स्वतः भरायचा हा त्यातला भाग उचलण्याजोगा आहे.

दप्तराला थोडा जास्त वेळ द्यायला हवा, कारण शाळेचं सगळं घरकाम शेवटी त्याच्यात उतरतं. १९८९ मध्ये राज्यसभेत आर. के. नारायण यांनी दप्तराच्या ओझ्यावर भाषण केलं, १९९३ मध्ये यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला, आणि २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणाने आकडाच घालून दिला: दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. पहिली-दुसरीला साधारण १.६ ते २.२ किलो, सहावी-सातवीला २ ते ३ किलो, नववी-दहावीला २.५ ते ४.५ किलो. घरी वजनकाटा असेल तर एका शनिवारी मूल आधी नुसतं उभं करावं, मग दप्तरासकट. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलोची मुभा. त्यात लिटरभर पाण्याची बाटली ठेवली की एक किलो तिथेच गेलं, स्टीलची असेल तर आणखी थोडं. शाळेत पिण्याच्या पाण्याची खात्रीची सोय असेल तर अर्धी बाटली भरून पाठवणं हा वजन कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय. मग दप्तर उलटं करावं. तळाशी पेन्सिलीची टरफलं, अर्धं खोडरबर, चिंचोके, कागदाची दोन विमानं, मागच्या महिन्याचं सही न केलेलं पत्रक आणि वेळापत्रकात नसलेली तीन पुस्तकं निघतात. ही पुस्तकं मूल आळसाने नेत नाही, भीतीने नेतं: बाईंनी मागितलं आणि नसलं तर? वेळापत्रक दाराजवळ लावून रात्री त्याप्रमाणे भरलं, की ती भीती हळूहळू कमी होते.

याच धोरणात गृहपाठाचीही मर्यादा आहे आणि ती पालकांना फारशी ठाऊक नसते. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवी रोज एक तास, त्यापुढे रोज दोन. तिसरीतलं मूल रोज दोन तास टेबलाशी डोकं धरून बसत असेल, तर टेबल, दिवा, खुर्ची बदलण्याआधी वर्गशिक्षकांशी बोलावं.

पुस्तकांना कव्हर घालण्याची रात्र मात्र मला फार प्रिय आहे. खाकी कागदाची गुंडाळी उलगडायची, ती पुन्हा वळू नये म्हणून चार कोपऱ्यांवर वाट्या ठेवायच्या. पुस्तक मिटून मध्ये ठेवायचं, चहूबाजूंनी तीन बोटं कागद सोडून कापायचं, आणि पाठीपाशी वर-खाली छोटी चीर देऊन तो तुकडा आत दुमडायचा, नाहीतर पुस्तक उघडताना कागद तिथेच फाटतो. पुस्तक मिटलेलं असतानाच घडी घालावी. उघडं ठेवून घातलेलं कव्हर मिटताना ताणतं. तयार प्लास्टिकची कव्हरं मिळतात आणि रायपूरच्या पावसात ती टिकतातही. पण खाकी कागदावर मूल स्वतः नाव लिहितं, ते लिहिताना विषयांची नावं पहिल्यांदा नीट वाचतं, आणि बापाला त्या रात्री कळतं की या वर्षी संस्कृत आहे.

झोपेचं गणित रायपुरात थोडं वेगळं आहे, आणि पुण्या-मुंबईहून बदली होऊन आलेल्या घरांना ते पहिल्या वर्षी चकवतं. घड्याळ सगळ्या भारताचं एक. सूर्य मात्र रेखांशाप्रमाणे उगवतो, एका अंशाला चार मिनिटं. भारतीय प्रमाणवेळेची साडेब्याऐंशी अंशांची रेषा छत्तीसगढच्या पूर्व भागातूनच जाते. रायपूर तिच्या जवळ, पुणे तिच्या जवळजवळ नऊ अंश पश्चिमेला. म्हणून जूनअखेर रायपुरात साडेपाचच्या आतच सूर्य वर येतो, पुण्यात सहाच्या सुमारास. सकाळच्या बसला हे वरदान आहे. पावणेसहाला उठवलेल्या मुलाच्या डोळ्यांवर उजेड असतो, आणि शरीराचं घड्याळ पुढे-मागे करायला सकाळच्या उजेडासारखं औषध नाही. गोम हिवाळ्यात आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला रायपुरात पाच वाजून वीस मिनिटांच्या सुमारास सूर्य मावळतो, पुण्यात सहाच्या आसपास. ‘आधी अभ्यास मग खेळ’ हा पुण्याहून आणलेला नियम इथे हिवाळ्यात पाळला, तर खेळ अंधारात जातो, म्हणजे जातच नाही. दिवाळीनंतर क्रम उलटा करावा: शाळेतून आल्यावर खाणं, मग मैदान, मग अभ्यास.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाचे चोवीस तास धरून नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराला आठ ते दहा. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुचवलेले हे आकडे. म्हणजे पावणेसहाला उठणाऱ्या तिसरीतल्या मुलाने पावणेनऊला अंथरुणात असायला हवं, आणि घरातलं जेवणच नऊला होत असेल तर वाद मुलाशी घालण्यात अर्थ नाही, स्वयंपाकाची वेळ मागे आणावी. सुट्टीतली बाराची रात्र एका दिवसात पावणेनऊवर येत नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं असं मागे सरकायचं, तर बारावरून पावणेनऊवर यायला तेरा पायऱ्या लागतात. शाळा १६ जूनला असेल तर मेच्या मध्यावरच पहिली पायरी, तीही मामाच्या घरी. हे होणार नाही, हे मलाही माहीत आहे. निदान उठण्याची वेळ आधी धरावी. झोपेची त्यामागून येते. किशोरवयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, दहावीतली मुलगी रात्री अकरापर्यंत जागी असते ती केवळ फोनमुळे नव्हे. तिच्या शाळेची वेळ आपल्या हातात नाही. महाराष्ट्राने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, तेही लहानांपुरतंच.

डब्याबद्दल थोडक्यात. इथे एप्रिल आणि जूनच्या उकाड्यात दही-भात किंवा ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारपर्यंत टिकत नाही, तेव्हा कोरडी भाजी-पोळी, थालीपीठ, मेथीचे ठेपले. तांदळाचा छत्तीसगढी चीला गरम खाण्यात मजा, डब्यात तो वातड होतो. आठवड्याचे डबे रविवारी ठरवून कॅलेंडरवर लिहिले की ‘‘उद्या काय देऊ?’’ हा रोजचा प्रश्न संपतो. पावसाळ्यात मोज्यांचा तिसरा जोड हवा आणि ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे.

वेळापत्रकात एक तास मात्र कुठलीच शाळा देत नाही. रायपुरातली बहुतेक मराठी मुलं हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. भोसल्यांच्या काळापासून इथे वसलेली घरं, तात्यापाऱ्यासारख्या वस्त्या, १९३५ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आणि त्याची संत ज्ञानेश्वर शाळा, असा मोठा वारसा असला तरी मुलाच्या वह्यांत मराठी क्वचितच असते. दोन भाषा एका घरात नांदणं इथे नवं नाही. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले, आणि त्यांनी दासबोध व गीतारहस्य हिंदीत नेले. त्यांच्या नावाची शाळा रायपुरात आहे. मुलाला देवनागरी येतेच. अडतो तो ‘ळ’ आणि सवय. झोपण्याआधीची पंधरा मिनिटं मोठ्याने मराठी वाचायला ठेवावीत, आणि वाचणारा शक्यतो बाबा किंवा आजोबा असावा, म्हणजे त्या वेळात आई उद्याच्या निळ्या कागदाचा विचार न करता नुसती बसू शकेल.

ही सगळी घडी बसायला किती दिवस? लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला होता. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणासाठी हिशेब २५४ पर्यंत गेला. १६ जूनपासून ६६ दिवस मोजले की ऑगस्टची वीस-एकवीस तारीख येते, म्हणजे पोळा-तीजाच्या आगेमागे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘आमच्याकडे हे जमत नाही’ म्हणून तक्ता काढून टाकणाऱ्यांनी निदान तोवर तो भिंतीवर राहू द्यावा. मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, असंही त्याच अभ्यासात दिसलं. रायपूरच्या पावसात रस्ते तुंबून शाळेला अचानक सुट्टी मिळते, तेव्हा त्या रात्री दप्तर नाही भरलं तरी चालेल.